अकराव्या पावलापुढे

१

रविवारी सकाळचा चहा झाला की भाऊ जेवणाचं टेबल पुसून घ्यायचा आणि आपलं दुकान मांडायचा. दुकान म्हणजे खाकी कागद, चिकटपट्टी, कात्री आणि त्या आठवड्यात मागणी आलेल्या चार-पाच प्रती. प्रत्येक प्रतीवर सही, सहीखाली त्या वाचकाला उद्देशून दोन ओळी, आणि मग पुडकं. घाई अजिबात नाही. ऑफिसात दिवसाला तीन नकाशे हातावेगळे करणारा हा माणूस पाच पुडकी बांधायला दुपार करायचा.

"झाली का रे लेकींची पाठवणी?" ताई स्वयंपाकघरातून विचारायची.

भाऊ एका आर्किटेक्टच्या ऑफिसात सव्वीस वर्षं नकाशे काढत होता. दुसऱ्यांची घरं, दुसऱ्यांचे जिने. चाळिशी उलटल्यावर कधीतरी त्याच्या डोक्यात एक महाल शिरला आणि निघायचं नाव घेईना. सहा वर्षं पहाटे उठून त्यानं तो लिहून काढला. त्यात शापित राणी होती, बोलणारे पक्षी होते, आणि महालाच्या दाराशी बसलेली एक आंधळी द्वारपालीण होती, जी पावलं मोजून लोकांना वाट दाखवायची. प्रकाशकांनी बाड परत पाठवलं. काहींनी तेवढेही कष्ट घेतले नाहीत. शेवटी त्यानं पुस्तक स्वतःच काढलं. नातेवाइकांनी कौतुकानं प्रती घेतल्या आणि टीव्हीखाली ठेवून दिल्या.

पुस्तकाच्या पहिल्याच पानावर महालाचा नकाशा होता, आणि तो महाल म्हणजे भाऊचं तिसऱ्या मजल्यावरचं राहतं घर होतं. घराच्या जुन्या प्लॅनवर ट्रेसिंग पेपर ठेवून त्यानं तो गिरवला होता. स्वयंपाकघर झालं शस्त्रागार, न्हाणीघर झालं अंधारकोठडी, आणि मधला पॅसेज झाला 'लांब दालन'. ताईला हे वाचून दाखवलं तेव्हा ती हसून हसून बेजार झाली. "म्हणजे माझं सगळं राज्य न्हाणीघरापासून पलंगापर्यंत!" ती म्हणाली.

कारण द्वारपालीण म्हणजे ताईच होती, हे उघडच होतं. आई गेली तेव्हा भाऊ नऊ वर्षांचा होता आणि ताई एकोणीसची. टेलिफोन ऑपरेटरची नोकरी करून तिनं त्याला वाढवलं, शिकवलं, आणि त्या भरात स्वतःचं लग्न राहून गेलं, ज्याबद्दल ती कधी चकार शब्द बोलली नाही. बारा वर्षांपूर्वी तिची दृष्टी मंद होत होत गेली. तेव्हापासून ती घरात पावलांवर चालायची. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापासून अकरा पावलं, हात पुढे केला की पॅसेजच्या टोकाची भिंत. भिंतीला हात लावून डावीकडे वळलं की तिची खोली. भिंतीपलीकडे काहीच नव्हतं. ती इमारतीची बाहेरची बाजू होती, तीन मजले सरळ खाली रस्ता.

घरात नियम एकच होता. कुठलीही वस्तू हलवायची तर आधी ताईला सांगायचं. खुर्ची वीतभर सरकवली तरी सांगायचं, नवी कुंडी आणली तरी सांगायचं. बारा वर्षांत भाऊनं तो नियम एकदाही मोडला नव्हता.

२

भाऊचं पुस्तक ज्या छापखान्याकडे होतं, तिथली पद्धत त्याला फार आवडायची. पुस्तकाची फाईल त्यांच्याकडे चढवून ठेवायची. मागणी येईल तशी एकेक प्रत छापली जायची. आज फाईलमध्ये काही बदललं की उद्या छापलेली प्रत बदललेली. ऑफिसात एकदा नकाशा मंजूर झाला की त्यातली रेघ हलवायला सतरा सह्या लागत. इथे एक बटण दाबलं की काम झालं; फार तर पुढचे दोन दिवस फाईलला हात लावता यायचा नाही. म्हणून शेवटच्या पानावर त्यानं छापलं होतं: 'चूक सापडली तर जरूर कळवा. आणि तुमचा छंद काय, तेही लिहा. आपले छंद जुळतील.'

छंद जुळवायची त्याला भारी हौस. एक बाई जुनी कुलपं जमवायच्या; त्यांच्याशी त्यानं महिनाभर राणीच्या खजिन्याच्या कुलपावर चर्चा केली. कुणी पक्ष्यांचे आवाज टिपून ठेवायचं, कुणी शाई घरी बनवायचं. अशी पन्नासेक माणसं जमली. महिन्यातून एकदा भाऊ सगळ्यांना मिळून एक लांबलचक मेल लिहायचा आणि मग दर तासाला उत्तरं आली का ते बघायचा. एकावन्नाव्या वर्षी माणसाला मित्र मिळत नाहीत असं म्हणणाऱ्यांना हे दाखवायला हवं होतं.

आणि मग एक दिवस एक मेल आली, खाली सही नुसती 'मोजणीदार' अशी.

'लेखकमहाशय, पुस्तक आवडले. मी आयुष्यभर जमिनी मोजल्या. आता निवृत्त आहे, पण हात स्वस्थ बसत नाही. आपण मजकुरात लांब दालन अकरा पावलांचे म्हणता. नकाशावरच्या पावलांच्या स्केलप्रमाणे ते चौदा पावलांचे भरते. मी तीनदा मोजले.'

भाऊची कानशिलं तापली. त्यानं तडक पट्टी लावली. बरोबर. लांब दालन तीन पावलं जास्त निघालं. गिरवताना ट्रेसिंग पेपर सरकला असणार. नवशिक्या पोरांच्या हातून होते अशी ही चूक. भाऊच्या हातून सव्वीस वर्षांत झाली नव्हती. लाजेनं त्याचं जेवणावर लक्ष लागेना.

पण त्या लाजेतून अशी मैत्री जमली की विचारू नका. मोजणीदार आणि भाऊ रोज लिहू लागले. साखळीनं मोजणं चांगलं की टेपनं, उन्हात टेप किती वाढते, चालून मोजायचं तर टाच कुठे धरायची. भाऊला इतक्या वर्षांत या विषयावर बोलायला कुणी मिळालं नव्हतं. ऑफिसातली पोरं तर स्क्रीनवरच सगळं मोजत. मोजणीदारांनी एकदा विचारलं, 'द्वारपालिणीचे पाऊल आपण किती धरले आहे?' भाऊनं मोठ्या खुशीत कळवलं: साठ सेंटिमीटर. हे माझ्या सख्ख्या बहिणीचं पाऊल आहे, तिला दिसत नाही, आणि ती रोज आमच्या पॅसेजमध्ये ही अकरा पावलं मोजते.

मोजणीदारांचं उत्तर तेवढ्या एका वेळेस उशिरा आलं, चार दिवसांनी. 'मग दुरुस्ती सोपी आहे. दालन आखूड करू नका. मजकूरही बदलू नका. अकराव्या पावलाला दार आहे असे दाखवा. पुढची तीन पावले म्हणजे दारामागची खोली. ती तिथे असणारच. नाहीतर एवढी जागा कागदावर आली कुठून?'

भाऊला हे फारच आवडलं. पुढच्या भागासाठी गुपितही आयतं मिळालं. एका दुपारी त्यानं नकाशावर दालनाच्या टोकाला एक छोटं दार काढलं, त्याला गोल मूठ दिली, मागे एक चौकोन काढला, शेवटच्या पानावर मोजणीदारांचे आभार टाकले आणि बटण दाबलं. 'बदल स्वीकारले,' स्क्रीनवर आलं.

ताई तेव्हा शेजारच्या खोलीत रेडिओ ऐकत होती. तिला सांगायचं त्याच्या मनातही आलं नाही. घरातली वस्तू थोडीच हलवली होती!

३

"बारा," ताई म्हणाली.

सकाळची वेळ होती. भाऊ दाढी करत होता. "काय बारा?"

"बारा झाली पावलं. भिंत बाराव्याला लागली."

"मोजताना चुकली असशील."

"मी?" ताई म्हणाली. त्या एका शब्दात तीस वर्षांची नोकरी होती. हजारो नंबर तिच्या तोंडून गेले होते आणि एकही चुकला नव्हता.

चार दिवसांनी तेरा झाली. त्याच्या पुढच्या आठवड्यात चौदा. भाऊनं टेप आणली, एक टोक उंबऱ्याला धरलं आणि पॅसेज मोजला. सहा मीटर साठ. बरोब्बर अकरा पावलं. त्यानं तीनदा मोजलं, दोन वेगवेगळ्या टेपांनी. मग त्यानं डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, वय झालं की पाऊल आखूड पडतं, त्यात नवल काय? भाऊला इतकं हायसं वाटलं, की डॉक्टरांच्या दवाखान्यातून निघताना त्यानं त्यांना पुस्तकाची प्रत भेट दिली.

घरी आल्यावर मात्र एक गोष्ट त्याला टोचत राहिली. स्वयंपाकघरातली ताईची पावलं तेवढीच होती. ओट्यापासून टेबल चार. टेबलापासून खिडकी तीन. पाऊल आखूड पडत होतं ते फक्त पॅसेजमध्ये.

त्या महिन्याच्या मेलमध्ये त्यानं नवा नकाशा जोडून वाचकांना एक गमतीचा प्रश्न घातला होता: नव्या नकाशातल्या त्या बंद दारामागे काय असेल? त्याला वाटलं, लोक खजिना म्हणतील, राक्षस म्हणतील. एकतीस उत्तरं आली. एकानंही खजिना म्हटलं नव्हतं. सगळ्यांनी थोड्याफार फरकानं एकच लिहिलं होतं. खोली रिकामी आहे. खिडकी नाही. जमीन गार आहे. आत ओल्या चुन्याचा वास येतो. कुलपं जमवणाऱ्या बाईंनी शेवटी लिहिलं होतं, 'दाराला कुलूप मात्र नाही हो. मी बघितलं.'

भाऊ ती ओळ दोनदा वाचून जागेवरून उठला. 'बघितलं' म्हणजे नकाशात बघितलं, दुसरं काय असणार, असं त्यानं स्वतःला समजावलं. वाचक रंगून गेलेत, ही लेखकाला आनंदाची गोष्ट असायला हवी. त्याला आनंद झालाही, थोडासा. पण त्या दिवशी पॅसेजमधून जाताना त्यानं दिवा लावला, भर दुपारी.

४

पुढे ताई काहीच बोलेनाशी झाली, आणि त्यानं भाऊचा जीव जास्तच टांगणीला लागला. ती रुसली की अशी गप्प व्हायची. शेवटी एका संध्याकाळी तिनं तोंड उघडलं.

"मी तुला काही म्हटलं नाही, म्हणून तू समजतोस मला कळलं नाही?"

"काय झालं ताई?"

"दार बसवलंस ते. बारा वर्षांत एकदा तरी न सांगता उशी हलवलीस का? आणि एवढं दार बसवलंस, अख्खी खोली काढलीस, आणि मला एका शब्दानं सांगितलं नाहीस. मी धडपडले असते म्हणजे?"

"कुठलं दार?"

"पुरे झालं नाटक. गोल मूठ आहे, गार आहे अगदी. छान आहे खोली. उन्हाळ्यात बरी पडेल. मी आपली गोधडी नेऊन ठेवलीय तिथे, आणि माझं स्टूल. जमीन ओली आहे अजून, म्हणून चपला बाहेर काढून जाते. पण भिंती जरा वाळू द्यायच्या होत्यास, हात पांढरे होतात."

तिनं हात पुढे केले. बोटांच्या पेरांवर पांढरं काहीतरी होतं, ओलसर. भाऊनं ते हुंगलं. चुना.

तो पॅसेजच्या टोकाशी गेला. भिंत होती तशीच होती, तीच पोपडा धरलेली, छत्रीच्या खुंटीची. त्यानं सबंध भिंतीवर हात फिरवला. मग चपला न घालताच जिना उतरून रस्त्यावर गेला आणि मान वर करून बघितलं. तिसरा मजला, सपाट भिंत, एक पाइप, एक बारीक तडा. बाहेर आलेलं काही नाही. येणाऱ्या-जाणाऱ्यांतला एकजण त्याच्याबरोबर वर बघून गेला. भाऊला स्वतःचीच लाज वाटली.

वर येऊन त्यानं स्टूल शोधलं. घरभर शोधलं, पलंगाखाली, माळ्यावर. गोधडीही शोधली. आंधळ्या बाईनं तीन खोल्यांच्या घरात एक स्टूल असं कुठे ठेवावं, की डोळस माणसाला सापडू नये? चुना कुठल्याही भिंतीला असतो. हात कुठेही लागतो. हे सगळं त्याला पटत होतं, तरी त्यानं माळा पुन्हा एकदा बघितला.

मग त्यानं भिंतीला कान लावला. बराच वेळ काही नाही. आणि मग पलीकडून एक आवाज आला, अगदी ओळखीचा, त्यानं आयुष्यभर ऐकलेला. स्टीलची लांब टेप सोडली की ती सळसळत डबीत परत जाते आणि शेवटी टक्क होतं, तो आवाज. टेप फार लांब असावी, कारण सळसळ संपता संपेना.

त्या रात्री मोजणीदारांची मेल आली. 'लेखकमहाशय, आपल्या खोलीची लांबी मिळत नाही. तीन पावले म्हणजे फारच कमी धरली आपण. तीस मीटरची टेप पुरली नाही. आता चालून बघतो आहे. भगिनींना नमस्कार सांगा. त्यांचे पाऊल खरेच साठ आहे.'

५

शनिवारी ऑफिस अर्धा दिवस असायचं. भाऊनं सकाळी एकही रेघ ओढली नाही. साहेबांनी विचारलं, "बरं नाही का?" तर तो हो म्हणाला. त्याचं मन कधीच ठरलं होतं. नकाशातून ती खोली काढून टाकायची. दालन आखूड करायचं, अकरा म्हणजे अकरा. मोजणीदारांचं नावही शेवटच्या पानावरून पुसायचं. वाचक रागावले तर रागावले, पन्नासच्या पन्नास गेले तरी चालतील. पन्नास वाचकांच्या बदल्यात एक बहीण हा काही विचार करण्याजोगा सौदाच नव्हता.

घरी आला तेव्हा ताई स्वयंपाकघरात टेबलाशी मटार सोलत होती. रेडिओ चालू होता.

"लवकर आलास?"

"हो. एक काम आहे जरा. दहा मिनिटांचं."

तिला सांगावं असं त्याच्या तोंडापर्यंत आलं होतं. पण सांगायचं तर काय? ताई, तुझी खोली पाडतोय? तिनं विचारलं असतं, का रे? आणि त्याला 'का' म्हणताच आलं नसतं. आधी करून टाकू, मग निवांत सांगू, असं त्यानं ठरवलं. भित्रा माणूस असाच हिशेब करतो, आणि भाऊ मुळात भित्राच होता.

पुढच्या खोलीत बसून त्यानं नकाशा उघडला. दार पुसलं. मूठ पुसली. चौकोन पुसला. दालन मोजून अकरा पावलांवर आणलं, टोकाला जाड रेघ ओढली. रेघ दोनदा ओढली, पक्की व्हावी म्हणून. आभारांच्या पानावरचं नाव काढलं. बटणावर बोट ठेवताना त्याला वाटलं, घरात काहीतरी कमी झालंय. काय, ते पटकन कळलं नाही. त्यानं बटण दाबलं.

'बदल स्वीकारले. प्रत तपासणीसाठी बंद. दोन दिवसांनी पुन्हा पाहा.'

भाऊनं खुर्चीत अंग सोडून दिलं. किती दिवसांनी त्याला भूक लागल्यासारखं वाटलं. "ताई, चहा टाकतो ग," तो मोठ्यानं म्हणाला.

उत्तर आलं नाही, आणि तेव्हा त्याला कळलं काय कमी झालं होतं ते. मटाराच्या शेंगांचा आवाज. रेडिओ तेवढा चालू होता.

स्वयंपाकघरात अर्धे मटार वाडग्यात होते, अर्धे तसेच. खुर्ची मागे सरकवलेली. ताईला खुर्चीवर बसून फार वेळ सोलवायचं नाही. तिची कंबर धरायची, तिला स्टूल लागायचं. ती स्टूल आणायला गेली होती.

पॅसेजच्या टोकाला तिच्या चपला होत्या. जोडीनं, नीट, पुढची टोकं भिंतीला टेकलेली.

६

त्यानं आधी तिची खोली बघितली, मग न्हाणीघर, मग कपाटं उघडून बघितली. घराच्या दाराची आतली कडी तशीच लावलेली होती. मग करण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून त्यानं टेप आणली आणि पॅसेज मोजला. सहा मीटर साठ. टेपचा पत्रा भिंतीवर तडतड वाजत होता.

आणि त्या तडतडीच्या मधे त्याला आवाज ऐकू आला. भिंतीतून आल्यासारखा नव्हता तो. पूर्वी ट्रंककॉलवर लांबच्या गावाहून आवाज यायचा, तसा होता. बारीक, पण शब्द न् शब्द स्पष्ट.

"...पाच. चार. तीन. दोन. एक."

मग थोडं थांबून, "भिंतच आहे इथे."

"ताई!" भाऊ ओरडला. "ताई, मी इथेच आहे! भिंतीच्या अलीकडे!"

"भाऊ?" ती म्हणाली. तिचा सूर तोच होता, शांत, थोडा रागावलेला. "दार हलवलंस का रे? मी मोजून आत गेले, मोजून परत आले. दार जागेवर नाही. सांगायचं होतंस."

"चुकलो ताई. चुकलो मी. तू तिथेच थांब, हलू नको. मी करतो काहीतरी, परत काढतो दार."

तो धावत पुढच्या खोलीत गेला. नकाशा उघडला, दार काढलं, मूठ काढली, बटण दाबलं. 'प्रत तपासणीसाठी बंद.' पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. छापखान्याला फोन लावला. शनिवारी दुपारनंतर तिथे नुसती घंटी वाजत राहायची. तो पेन्सिल घेऊन पॅसेजमध्ये परत आला आणि गुडघ्यांवर बसून त्यानं सरळ भिंतीवर दार काढायला घेतलं. चौकट, फळ्या, बिजागरी. सव्वीस वर्षं दारं काढली होती, एकाही दाराची रेघ अशी वाकडी आली नव्हती.

"ताई, मूठ कुठल्या उंचीला होती? सांग ना! उजवीकडे की डावीकडे?"

"कमरेच्या जरा वर. उजवीकडे. अरे, रडतोयस काय असा? लहान आहेस का आता?"

त्यानं मूठ काढली. गोल काढली, आत छटा दिली, त्यावर तळहात दाबला. भिंत भिंतीसारखीच राहिली. मग खूप लांबून, ताईच्याही पलीकडून, ती सळसळ आली. टेप परत येत होती. टक्क.

"कोण आहे?" ताईनं विचारलं. ती भाऊला विचारत नव्हती.

कुणीतरी काहीतरी बोललं. पुरुषाचा आवाज होता, अदबीचा, हळू. शब्द कळले नाहीत.

"भाऊ," ताई म्हणाली, "इथे एक गृहस्थ आहेत. तुझे वाचक आहेत म्हणतात. तुमची रोज पत्रं चालतात ना? ते म्हणतात, वाट त्यांनी मोजून ठेवलीय. पुढच्या बाजूला दार आहे म्हणतात."

"ताई, नको! जाऊ नकोस त्यांच्याबरोबर! मी त्यांना ओळखत नाही ग, कधी भेटलोही नाही, ताई—"

"तूच तर म्हणायचास, किती चांगली माणसं जमली," ती म्हणाली. "आणि इथे किती वेळ उभी राहू मी? पाय गार पडलेत. हात द्या हो जरा. हां. माझं पाऊल आखूड पडतं हल्ली, सावकाश चला."

भाऊनं दोन्ही मुठींनी भिंत बडवली. पोपडे पडले, खुंटीवरची छत्री पडली, खालच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं. तो थांबला, कारण बडवण्याच्या आवाजात तिचा आवाज बुडत होता. त्यानं पेन्सिलीनं काढलेल्या मुठीवर कान टेकला.

ती मोजत होती. तिनं त्याला अंक शिकवले होते त्याच आवाजात, स्वच्छ, एकेक सुटा. सात. आठ. नऊ. दहा. अकराला ती क्षणभर थांबली. तिला सवय होती अकराला हात पुढे करायची.

मग बारा म्हणाली.